सोलापूरच्या बदलत्या हवेत सायकलवर काय घालायचं: आदल्या रात्रीपासून परत आल्यावरच्या धुण्यापर्यंत

सायकलवर कपडे चुकतात ते बहुतेक वेळा एकाच कारणानं. आपण दारात उभं राहून अंगाला जे वाटतं त्यावर कपडे ठरवतो, आणि दारातली हवा दहा मिनिटांत संपलेली असते. डिसेंबरात पहाटे बाहेर पडलं की हुडहुडी भरते म्हणून बनियन, त्यावर टीशर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जर्किन, आणि सात रस्त्यावरून निघालेला माणूस बाळ्याला पोचेपर्यंत आतून चिंब. मग चहाला थांबला की तोच घाम गार पडतो, पाठ आखडते, आणि घरचे म्हणतात थंडीत कशाला जातोस सायकलवर. थंडीनं काही केलेलं नसतं, घामानं केलेलं असतं.

सोलापुरात ही चूक जास्त होते कारण आपल्याकडची हवा कोरडी. हिवाळ्यात पहाटे १४-१५ डिग्री आणि दुपारी ३० च्या वर, म्हणजे एकाच दिवसात १५ डिग्रीचा फरक. एप्रिल-मेमध्ये दुपारी ४२-४३ आणि संध्याकाळी अचानक वळवाचा पाऊस. पाऊस कोकणासारखा दिवसभर पडत नाही, अर्धा तास झोडपतो आणि गायब. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाचं बघून घेतलेले कपडे इथं जसेच्या तसे चालत नाहीत. खाली क्रम दिलाय तो तसाच ठेवा, कारण आतला कपडा चुकला तर वरचा कितीही भारी असला तरी उपयोग होत नाही.

टप्पा १: आदल्या रात्री हवा बघा, पण तीन गोष्टी बघा

बहुतेक जण मोबाईलवर फक्त आत्ताचं तापमान बघतात. बघायचं ते हे:

१. निघताना किती असेल.
२. परत येताना किती असेल.
३. वारा कुठून आणि किती.

कपडे ठरतात ते पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातल्या फरकावर. सकाळी ६ ला १५ आणि ९ ला २४ असेल तर तुम्हाला असं काहीतरी लागणार जे ९ च्या आधी काढून बॅगेत जाईल. जे काढून बॅगेत मावत नाही, म्हणजे जाड लोकरी स्वेटर किंवा आतून फर असलेलं जर्किन, ते सायकलसाठी नाहीच. ते घालून गेलात की परत येताना कमरेला बांधून यावं लागतं आणि त्याच्या बाह्या मागच्या चाकात जायची भीती.

वारा का बघायचा तर सायकलवर आपण स्वतःच वारा तयार करतो. हवा पूर्ण शांत असली तरी २० च्या स्पीडनं गेलात की छातीवर २० चा वारा लागतोच. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं जोरात असतो. म्हणजे जुलैत मोहोळकडं जाताना वारा तोंडावर, गार वाटतं, जोर जास्त लागतो. येताना तोच वारा पाठीवर, सायकल पळते पण अंगाला वाराच लागत नाही आणि गुदमरल्यासारखं होतं. त्याच कपड्यात, त्याच तापमानात. म्हणून शक्य असेल तर जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर असा रूट धरा, हिवाळ्यात तर नक्कीच, कारण परत येताना अंग घामेजलेलं असतं आणि तेव्हा तोंडावरचा वारा बाधतो.

मे महिना आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दिवसांत विजांसाठी 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं आहे, फुकट आहे, आजूबाजूला वीज कुठं पडतीये ते दाखवतं.

*तपासा:* रात्री झोपताना सगळे कपडे खुर्चीवर काढून ठेवलेत का? पहाटे अंधारात कपाटात हात घातला की हाताला लागतो तो जाड स्वेटरच.

टप्पा २: अंगाला चिकटणारा कपडा, इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या

या कपड्याचं काम एकच, घाम अंगावरून उचलून बाहेरच्या बाजूला पसरवायचा म्हणजे तो उडून जाईल. सुती बनियन घाम पितं पण सोडत नाही, ओलं होऊन अंगाला चिकटून बसतं. थंडीत आणि पावसाळ्यात सुती बनियन आत नकोच. ड्रायफिट म्हणतात तो पॉलिस्टरचा पातळ टीशर्ट घ्या, नवी पेठेत, मधल्या मारुतीला कुठंही मिळतो, फार महागाचा घ्यायची गरज नाही. पण सगळं पॉलिस्टर ड्रायफिट नसतं आणि इथंच लोक फसतात.

दुकानात करायची परीक्षा सांगतो. कपड्याच्या आतल्या बाजूला बोटानं पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब लगेच पसरून मोठा ओला डाग झाला तर घ्या. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर तो कपडा घाम उचलणार नाही, आत घाम ओघळत राहील. सोलापूरच्या माणसाला कापड समजावून सांगायला नको, निम्म्या शहराचा संबंध कुठंतरी माग, टॉवेल नाहीतर युनिफॉर्मच्या धंद्याशी आलेलाच असतो, तर दुकानदाराला सरळ विचारा जीएसएम किती, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. १२० ते १५० च्या आसपासचं सायकलला छान. २०० च्या वरचं हिवाळ्यातसुद्धा जड होतं.

फिटिंग अंगाबरोबर पाहिजे, घट्ट नको. ढगळ असला की घाम कपड्यापर्यंत पोचतच नाही, अंगावरच राहतो.

आता सुती कपड्याबद्दल एक गोष्ट, कारण "कॉटनच बरं" असं आपल्याकडं सगळेच म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात, चार-पाच किलोमीटरचं अंतर, म्हणजे घर ते ऑफिस किंवा घर ते एमआयडीसी, एवढ्यासाठी पातळ ढगळा सुती शर्ट उत्तम आहे. ओला राहतो आणि कोरड्या हवेत तोच अंगाला गारवा देतो. पण अंतर २०-३० किलोमीटरच्या वर गेलं की त्याच शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, कापड कडक होतं आणि काखेत, मानेला घासायला लागतं. तेव्हा छोट्या फेरीला सुती चालेल, लांबच्या फेरीला नाही, आणि थंडी-पावसात छोट्या फेरीलाही नाही.

बायका-मुलींसाठी: स्पोर्ट्स ब्रा पण सिंथेटिकचीच घ्या. वरचा टीशर्ट ड्रायफिट आणि आत जाड सुती असेल तर ओलावा सगळा तिथंच राहतो आणि पट्ट्याखाली पुरळ येतं.

टप्पा ३: कमरेखाली

तास-दीड तासाच्या वर जायचं असेल तर पॅडवाली शॉर्ट घ्या, म्हणजे बसायच्या जागी आतून गादी शिवलेली. ती वापरताना होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिच्या आत चड्डी घालणं. घालायची नाही. पॅड थेट अंगाला लागायला पाहिजे, चड्डीची शिवण मध्ये आली की तीच शिवण मांडीला कापते आणि लोक म्हणतात सीट खराब आहे. नुसती पॅडची शॉर्ट घालून चहाला थांबायला संकोच वाटत असेल तर वरून साधी ढगळ हाफ पँट किंवा पातळ ट्रॅक पँट घाला, त्यानं काही बिघडत नाही.

जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला निघायच्या आधी व्हॅसलीन लावा. खोबरेल तेल पण चालतं पण ते लवकर जिरतं, उन्हाळ्यात तासाभरात पुन्हा लावावं लागतं. घासून लाल झाल्यावर लावून उपयोग नाही, आधीच लावायचं.

जीन्स नको. जाड शिवण, ओली झाली की जड, वाळायला अर्धा दिवस. रोज कामाला साध्या सायकलवर जाणाऱ्यांनी फॉर्मल पँटच घालायची असेल तर उजव्या पायाची कड मोज्यात खोचा किंवा जाड रबरबँड लावा. सायकलची चेन उजव्या बाजूला असते, कड तिथंच अडकते, आणि चेनगार्ड अर्धवट असेल तर हमखास अडकते.

सावधान: ओढणी, साडीचा पदर, लांब कुर्ता, स्टोलची टोकं, पोंचो रेनकोटचा घोळ, यातलं काहीही मागच्या चाकात गेलं तर माणूस जागेवर पडतो. ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारा, गळ्याभोवती गुंडाळून टोकं मोकळी कधीच सोडू नका. साडी नेसून सायकल चालवणाऱ्या बायका आपल्याकडं आहेत, त्यांच्या सायकलला मागच्या चाकावर जाळी बसवून घ्या, सायकलच्या कुठल्याही दुकानात बसवून देतात.

टप्पा ४: थंडीतला वरचा थर

नोव्हेंबरच्या मध्यापासून गड्ड्याच्या जत्रेपर्यंत, म्हणजे संक्रांत होऊन आठ-दहा दिवस, एवढाच आपला खरा हिवाळा. एवढ्यासाठी दोन वस्तू पुरतात.

पहिली, पातळ विंडचीटर, जो मुठीत मावेल एवढा घडी होतो. याची पण दुकानात परीक्षा आहे. कापड तोंडाला लावून जोरात फुंका. हवा सहज आरपार गेली तर वारा पण आरपार येणार. अजिबात गेली नाही तर ते प्लास्टिक आहे, आत घामाची वाफ होणार. थोडीशी, अडखळत गेली तर बरोबर. समोर पूर्ण झिप असलेलाच घ्या, डोक्यातून घालायचा नको, चालत्या सायकलवर झिप वरखाली करून अर्धी थंडी-गर्मी सांभाळता येते.

दुसरी, हाताच्या वेगळ्या बाह्या, ज्याला आर्म स्लीव्ह म्हणतात. उन्हाळ्यात पांढऱ्या पातळ, हिवाळ्यात जराशा जाड काळ्या. ऊन वर आलं की थांबून खाली ओढायच्या, मनगटाशी गोळा करून ठेवायच्या. स्वेटरपेक्षा हे किती सोयीचं ते एकदा वापरून बघाच.

म्हणजे १५ डिग्रीला ड्रायफिट, स्लीव्ह, वरून विंडचीटर. १८-२० ला ड्रायफिट आणि स्लीव्ह, विंडचीटर बॅगेत. १२ च्या खाली गेलं, जे आपल्याकडं वर्षातले थोडेच दिवस, तर ड्रायफिटवर अजून एक पूर्ण बाह्यांचा पातळ टीशर्ट. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आणि कसोटी एकच, पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातून निघताना जर छान उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय, तो परत आत ठेवून या. वयस्कर माणसं, दम्याचे पेशंट, नुकतंच आजारातून उठलेले यांना हा नियम नाही, त्यांनी उशिरा निघावं, ऊन अंगावर आल्यावर.

विंडचीटर नाही आणि लगेच घ्यायचा पण नाही, तर रद्दीतला वर्तमानपत्राचा एक जोड घ्या, दुमडून टीशर्ट आणि वरच्या शर्टाच्या मध्ये छातीवर ठेवा. जुने सायकलवाले उतारावर हेच करायचे आणि अजूनही यापेक्षा स्वस्त वारारोधक नाही. ऊन आलं की काढून बॅगेत टाका.

अजून एक गोष्ट शहरात राहून लक्षात येत नाही. पाण्याजवळ, सखल भागात आणि भिजवलेल्या उसाजवळ पहाटे जास्त गार असतं. तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावाजवळ, तिऱ्ह्याला नाहीतर लांबोटीला सीना नदीच्या पुलावर, अंगावर एकदम काटा येतो. तेवढ्यासाठी जास्तीचा कपडा घालून निघू नका, तिथं झिप गळ्यापर्यंत ओढा आणि पुढं गेलं की परत उघडा.

टप्पा ५: डोकं, मान, हात, पाय

माकडटोपी घालून वरून हेल्मेट लावणारे खूप दिसतात. हेल्मेट मग वर उचललं जातं, पट्टा हनुवटीखाली बसत नाही आणि पडल्यावर ते डोक्यावर राहतच नाही. आत जे घालायचं ते बनियनच्या कापडाएवढं पातळ, कान झाकणारं. कान आणि कपाळ झाकलं की थंडी बरीच कमी वाजते. पण कान असे झाका की मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येईल, हायवेवर ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि ट्रेलर असतात.

मान: गळ्यात नळीसारखा घालायचा बफ सगळ्यात बरा, थंडीत नाकापर्यंत ओढा, धुळीत पण कामाला येतो. मफलर नको, त्याची टोकं मोकळी राहतात. सकाळी पुणे रोडनं गेलं तर ऊन पाठीमागून मानेवर येतं, हैदराबाद रोड किंवा अक्कलकोटकडं गेलं तर सरळ डोळ्यात. त्याप्रमाणे एकदा मान झाका, एकदा हेल्मेटखाली पुढं छज्जा असलेली पातळ टोपी घाला. हाच छज्जा पावसात डोळ्यात पाणी जाऊ देत नाही, म्हणून ती टोपी बारमाही बॅगेत ठेवायच्या लायकीची आहे.

चष्मा: दिवसा काळा, पण संध्याकाळी आणि पहाटे पांढऱ्या काचेचा लावाच. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी किडे इतके असतात की उघड्या डोळ्यांनी चालवणं धोक्याचं आहे.

हात: थंडीत बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबता येत नाही, म्हणून पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे. लोकरीचे नको, घसरतात. उन्हाळ्यात अर्ध्या बोटांचे, कारण घामानं मूठ निसटते.

पाय: मोजे पातळ सिंथेटिकचे. थंडीत दोन जोड मोजे घालून बूट घट्ट केले की रक्त नीट पोचत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच जोड, आणि बोटं आत हलली पाहिजेत.

*तपासा:* जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला निघणार असाल तर काळ्या विंडचीटरवर चमकणारी पट्टी आहे का? नसेल तर रिफ्लेक्टरचं जॅकेट वरून घाला, जाळीचं असतं, गरम होत नाही. मागचा लाल लाईट विंडचीटरच्या घोळानं झाकला जात नाहीये ना, ते पण मागं वळून बघा.

टप्पा ६: पावसाळा

इथं लोक उलट्या बाजूनं चुकतात. अंग कोरडं ठेवायचा एवढा आटापिटा करतात की प्लास्टिकच्या रेनकोटमध्ये घामानंच भिजतात. जून-जुलैत आपल्याकडं पावसातसुद्धा हवा २४-२६ च्या आसपास असते. अर्धा-पाऊण तासाच्या अंतरात अंग भिजलं तर काही होत नाही, भिजून थांबलात तर होतं. म्हणून विचार असा करा की अंग भिजेल, ते लवकर वाळेल असं ठेवू, आणि कोरडं ठेवायचं ते मोबाईल, पैसे, ऑफिसचे कपडे आणि एक मोज्याचा जोड.

१. घाला: ड्रायफिट, गडद रंगाची शॉर्ट, छज्जाची टोपी, विंडचीटर (झिप अर्धी).
२. बॅगेत, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून: कोरडा टीशर्ट, मोजे, ऑफिसचे कपडे. कपडे घडी न करता गुंडाळा, चुण्या कमी पडतात.
३. सायकलला दोन्ही मडगार्ड लावा. आडव्या पावसापेक्षा मागच्या चाकानं उडवलेलं पाणी पाठ जास्त भिजवतं, आणि ते चिखलाचं पाणी असतं.

रेनकोट घालायचाच असेल, लांब जायचंय आणि संततधार आहे, तर शर्ट-पँटचा जोड घ्या, काखेत जाळी असलेला. पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो, आपल्याकडच्या जूनच्या वाऱ्यात तर सायकल बाजूला ढकलतो.

बूट भिजू नयेत म्हणून मोज्यावरून प्लास्टिकची पिशवी घालून मग बूट घालतात, ते थंडीच्या पावसात ठीक, एरवी आत पाय घामानं भिजतो. त्यापेक्षा मागं पट्टा असलेली फ्लोटर सँडल पावसाळ्यात बरी. साधी स्लिपर नको, ओल्या पेडलवरून सटकते.

शेतातल्या रस्त्यानं जाणार असाल, नान्नजच्या माळाकडं वगैरे, तर काळ्या मातीचा अंदाज घ्या. एक चांगली सर येऊन गेली असेल तर ती माती चाकाला, ब्रेकला, बुटाला थापली जाते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. त्या दिवशी डांबरी रस्ता सोडू नका.

सावधान, वीज: वळवाचा पाऊस असो की परतीचा, गडगडाट ऐकू आला की चालवणं बंद. चिंच, लिंब, कुठल्याही झाडाखाली थांबायचं नाही, पत्र्याच्या उघड्या बसस्टॉपचाही भरवसा नाही. पक्क्या इमारतीत, पेट्रोल पंपाच्या ऑफिसात, धाब्याच्या आत जा, सायकल बाहेर ठेवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं बाहेर पडू नका. आणि या थांबलेल्या वेळातच पहिलं काम म्हणजे ओला टीशर्ट काढून कोरडा घालायचा, मग चहा.

टप्पा ७: उन्हाळा

मार्चच्या मध्यापासून वेळ हाच मोठा कपडा आहे, सकाळी ९ च्या आत घरी. ज्यांना कामासाठी दुपारी जावंच लागतं त्यांनी अंग झाकायचं, उघडं टाकायचं नाही. बनियनवर चालवणं म्हणजे थंड वाटत असलं तरी कातडी भाजते आणि पाणी जास्त उडतं. पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा, ढगळा शर्ट, कॉलर असलेला. इथं ढगळच पाहिजे, कारण हवा आत खेळली पाहिजे.

मानेवर ओला पंचा टाका. टॉवेल आपल्या गावचा असला तरी टेरी टॉवेल यासाठी नाही, तो पाणी खूप पितो आणि जड होऊन खांद्यावरून घसरतो. पातळ पंचा किंवा मोठा सुती रुमाल, हेल्मेटखाली पुढं खोचून मागं मानेवर, टोकं शर्टाच्या आत. दर अर्ध्या तासानं बाटलीतलं थोडं पाणी त्यावर.

सनस्क्रीन लावत असाल तर निघायच्या २० मिनिटं आधी, आणि कपाळावर कमी, नाहीतर घामाबरोबर डोळ्यात उतरतं आणि चुरचुरतं.

सावधान: कोरड्या हवेत घाम आला तसा उडतो, त्यामुळे कपडा कोरडा आहे म्हणजे घाम गेला नाही असं समजू नका. डोकं दुखणं, मळमळ, उन्हातच अंगावर शहारे येणं, यातलं काहीही झालं की सावलीत थांबा, कपडे सैल करा, अंगावर पाणी घाला, थोडं थोडं पाणी प्या. बोलण्यात गडबड होत असेल, भान हरपत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, अंग गार करत करतच दवाखाना गाठा.

टप्पा ८: रस्त्यात कधी काढायचं, कधी घालायचं

हे कुणीच सांगत नाही आणि सगळा खेळ इथं आहे. कपडे बदलायचे ते त्रास व्हायच्या आधी.

तुळजापूरचं उदाहरण घ्या, साधारण ४५ किलोमीटर, शेवटी घाट. घाटाच्या पायथ्याला थांबा, विंडचीटर काढा, स्लीव्ह खाली ओढा. चढताना स्पीड ८-१० वर येतो, वारा लागत नाही, आणि कष्ट दुप्पट. थंडी वाजत असली तरी काढाच, पाचशे मीटरमध्ये अंग तापतं. वर पोचल्यावर दर्शन, नाष्टा, जे असेल ते, पण सायकलवरून उतरल्या उतरल्या विंडचीटर अंगात घाला, घाम गार पडायच्या आत. आणि परतीच्या उताराला लागण्याआधी झिप पूर्ण वर. उतारावर पाय फिरत नाहीत, स्पीड ४० च्या पुढं, तिथं ओल्या अंगाला जो वारा लागतो तो चढताना कल्पनेत पण येत नाही.

थोडक्यात क्रम: चढाच्या आधी काढा, थांबल्यावर लगेच घाला, उताराच्या आधी झिप लावा, आणि चालू लागल्यावर पाच-सात मिनिटांनी झिप उघडा.

चालत्या सायकलवर दोन्ही हात सोडून जर्किन काढणारी पोरं होटगी रोडला रोज दिसतात. बाही हँडलला अडकली की संपलं. एक मिनिट थांबा की बाजूला.

चहाला थांबाल तेव्हा सावलीत की उन्हात, हे पण बघा. हिवाळ्यात ओल्या पाठीनं सावलीतल्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसू नका, उन्हाकडं पाठ करून उभे राहा.

टप्पा ९: परत आल्यावर

घरी आल्यावर गप्पा, मोबाईल, फोटो टाकणं याच्या आधी ओले कपडे उतरवा. पॅडची शॉर्ट घालून तासभर सोफ्यावर बसणं हे जांघेतल्या गळवांचं आणि नायट्याचं मुख्य कारण. ती शॉर्ट प्रत्येक वेळी धुवायची, एकदा घातली की धुवायची, "आज कमीच गेलो" असं चालत नाही.

धुताना गार पाणी, थोडी पावडर, पॅडला ब्रश मारायचा नाही, पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं. कम्फर्ट वगैरे मऊ करणारं लिक्विड ड्रायफिटला आणि पॅडला घालू नका, धाग्यावर थर बसतो आणि घाम उचलायचं काम बंद पडतं. टप्पा २ मधली थेंबाची परीक्षा जुन्या टीशर्टवर करून बघा, थेंब उभा राहत असेल तर हेच झालंय, दोन-तीन वेळा नुसत्या गार पाण्यात भिजवून खळबळून धुतला तर बरेचदा परत सुधारतो.

पॅड उलटी करून वाळवा, आतली बाजू वर. आपल्याकडं ऊन कडक, तेव्हा मे महिन्यात पॅड आणि इलॅस्टिकचे कपडे दिवसभर गच्चीवर टाकू नका, इलॅस्टिक सैल पडतं. सकाळचं ऊन दोन तास, मग सावलीत.

काळ्या मातीचा चिखल उडालेला कपडा ओला असताना चोळायचा नाही, डाग आत जातो. आधी पूर्ण वाळू द्या, झटका, मऊ ब्रशनं माती काढा, आणि मग पाण्यात टाका. भिजलेल्या बुटात रद्दी पेपरचे बोळे कोंबून ठेवा, तासाभरानं बदला, रात्री परत एकदा. बूट थेट उन्हात ठेवले की सोल सुटतो.

विंडचीटर रोज धुवायची गरज नाही, पण घडी करून तसाच ओला बॅगेत ठेवलात तर दोन दिवसात वास धरतो, म्हणून हँगरला लावा, झिप उघडी ठेवून. वाळला की लगेच घडी करून बॅगेत, कोरड्या मोज्यांच्या पिशवीशेजारी.